शिडाच्या बोटीनं बेटाबेटांवरून: बेत नांगराच्या जागेपासून सुरू करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा जणांचा गट, त्यातल्या दोघांना शिडाची बोट चालवता येते, पण आजवर तलावात आणि किनाऱ्यालगतच. दहा दिवसांसाठी ४० फुटी बोट भाड्यानं घेऊन उष्ण कटिबंधातल्या एखाद्या किनाऱ्यावर बेटाबेटांवरून फिरायचं आहे. यादीत अकरा बेटं आहेत, अंतरं नकाशावर छोटी दिसतात. एवढं जमेल का, आणि आधी काय शिकून घ्यावं?

अकरा जमणार नाहीत. पाच ठेवा, सहावं हाताशी असू द्या. हिरमोड होईल, पण अडचण अंतराची नाहीच. दोन बेटांमध्ये आठ-दहा सागरी मैल दिसले की माणूस मनातल्या मनात भागाकार करून मोकळा होतो. शिडाच्या बोटीवरचा दिवस मात्र दोन गोष्टी ठरवतात: रात्री नांगर कुठे पडणार, आणि तिथे शिरताना ऊन कुठल्या बाजूला असणार. म्हणून बेटांची यादी बाजूला ठेवा आणि नांगराच्या जागांची करा. प्रत्येक जागेपुढे लिहा: कुठल्या दिशेच्या वाऱ्यात निवारा मिळतो, तळ वाळूचा की प्रवाळाचा, खोली किती, तोंड कुठल्या दिशेला, आणि तिथे गर्दी असली किंवा लाट शिरत असली तर तासाभरात गाठता येईल अशी दुसरी जागा कोणती. हा शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ती जागा बेतातून काढा. एवढी चाळण लावली की अकराची पाच आपोआप होतात.

आता तासांचं बघू. ४० फुटी बोट चांगल्या वाऱ्यात ६-७ नॉटनं जाते, पण हिशोबाला ५ नॉटच धरा, म्हणजे ताशी ५ सागरी मैल किंवा सव्वानऊ किलोमीटर. वारा मागून किंवा बाजूनं असेल तर २० मैल चार तासांत होतात. तेच २० मैल वाऱ्याच्या तोंडावर असतील तर बोट सरळ जाऊच शकत नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून, बाजू बदलत, नागमोडी चढावं लागतं. २० चे २८-३० मैल होतात, समोरची लाट वेग खाते, आणि संध्याकाळ होते तेव्हा निम्मा गट आडवा झालेला असतो. अशा दिवशी १०-१२ मैलांच्या वर जाऊ नका. इंजिन लावून सरळ वाऱ्यात घुसू, हा विचार सगळ्यांच्याच मनात येतो. उंच लाटेत ४० अश्वशक्तीचं इंजिन तीन-साडेतीन नॉट देतं आणि बोट प्रत्येक लाटेवर आपटते. शिडं लावून थोडं तिरकं गेलेलं अंगालाही बरं आणि बोटीलाही.

त्यामुळे मार्ग आखताना पहिला प्रश्न वाऱ्याचा. व्यापारी वारे उत्तर गोलार्धात ईशान्येकडून आणि दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून वाहतात. हंगामात दिवसचे दिवस १५-२० नॉट, दिशा फारशी न बदलता. अशा ठिकाणी बोट मिळते तो तळ सोडल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत वाऱ्याकडे चढून घ्या आणि उरलेले दिवस वारा मागे घेऊन परता. उलट केलंत तर परतीच्या तारखेला बांधलेले असताना वाऱ्याविरुद्ध झगडावं लागेल, आणि तारखेच्या ओढीनं माणसं निघू नये तेव्हा निघतात. मोठ्या भूभागाला लागून असलेल्या, हलक्या वाऱ्याच्या किनाऱ्यावर खेळ वेगळा असतो. तिथे पहाटे जमिनीकडून मतलई वारा, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास शांतता, आणि दुपारनंतर समुद्राकडून चढता वारा. पहाटेचा मतलई धरून किनाऱ्याबाहेर पडायचं आणि दुपारच्या वाऱ्यानं आत शिरायचं. गलबतवाले पिढ्यान् पिढ्या हेच करत आले आणि त्यात अजून तरी सुधारणेला जागा दिसलेली नाही.

हंगामावर फार लिहीत नाही, कारण तो बोट देणारी कंपनीही सांगेल. कॅरिबियनमध्ये डिसेंबर ते एप्रिल. तिथला हरिकेनचा अधिकृत काळ १ जून ते ३० नोव्हेंबर. अंदमान समुद्रात नोव्हेंबर ते एप्रिल. फिजी, टोंगा, फ्रेंच पॉलिनेशियात मे ते ऑक्टोबर, कारण नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा. विषुववृत्तापासून साधारण पाच अंशांच्या आत चक्रीवादळ सहसा तयार होत नाही, कारण पृथ्वीच्या फिरण्यानं हवेला मिळणारा पीळ तिथे फार क्षीण असतो. सेशेल्सची मुख्य बेटं याच पट्ट्यात येतात, म्हणून तिथे वर्षभर बोटी मिळतात. हंगामात गेलात म्हणजे वारा शांत असतो असं मात्र नाही. कॅरिबियनमध्ये नाताळाच्या आसपास व्यापारी वारे आठवडाभर २५ नॉटला जाऊन बसतात, आणि सुट्टी बहुतेकांना नेमकी तेव्हाच मिळते.

आणखी एक गोष्ट नवख्यांना हमखास चकवते. हवामानाचं मॉडेल बेटांमधला वारा कमी दाखवतं. उंच बेटांच्या टोकांशी आणि दोन बेटांमधल्या खिंडीत वारा दाबला जाऊन जोर धरतो. अंदाजात १८ नॉट असतील तर खिंडीत २५ धरा. बेटाच्या आड शिरलात की पाच मिनिटांत वारा नाहीसा होतो, आणि मग डोंगरावरून एकदम झोत येतो, भलत्याच दिशेनं. आडोशातून बाहेर पडण्याआधी, पाणी सपाट असतानाच, शीड कमी करून घ्या. बाहेर फेसाळलेल्या लाटा दिसत असतातच. त्या दिसूनही पूर्ण शिडानं निघणारे लोक असतात, का ते मला कळलेलं नाही.

आता उन्हाकडे येतो, कारण तलावात शिकलेल्यांना हे कुणी शिकवलेलं नसतं. प्रवाळाच्या पाण्यात मुख्य उपकरण म्हणजे डोळे. सूर्य वर आणि पाठीशी असेल, तर पाण्याचा रंग खोली सांगतो. गडद निळं म्हणजे खोल. निळसर हिरवं, चमकदार, म्हणजे वाळूवर काही मीटर. फिकट होत पांढुरकं झालं की तुमच्या कीलला, म्हणजे बोटीच्या तळाखाली उतरलेल्या जड पात्याला, पुरेल एवढं पाणी नाही. तपकिरी किंवा पिवळसर डाग म्हणजे पृष्ठभागाजवळ आलेलं प्रवाळ. गडद डाग सगळ्यांत फसवे: ते समुद्रगवत असू शकतं, खडक असू शकतो किंवा ढगाची सावली. सावली सरकते, म्हणून शंका आली तर बोट थांबवून मिनिटभर बघा. एक माणूस बोटीच्या पुढच्या टोकावर उभा करा, पोलराइज्ड चष्म्यासह, आणि हातांच्या खुणा आधी ठरवून घ्या. इंजिन चालू असताना पुढून मारलेली हाक मागे पोचत नाही. जितक्या उंचावरून बघाल तितकं चांगलं दिसतं. डोलकाठीवर चढायची सोय असेल आणि पाणी शांत असेल, तर तिथून दिसणाऱ्या चित्राची सर कशालाच नाही.

हे सगळं साधारण सकाळी दहा ते दुपारी तीन एवढ्यातच चालतं. चारनंतर सूर्य तिरपा होतो आणि पाणी आरशासारखं चमकू लागतं. उष्ण कटिबंधात संधिप्रकाशही लांबत नाही. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत अंधार. म्हणून नियम असा ठेवा: तीनच्या आत नांगर पडलेला असावा, आणि दोनपर्यंत जागा दिसली नाही तर पर्यायी जागेकडे वळायचं. दिशाही बघा. व्यापारी वाऱ्यांच्या प्रदेशात निवारा बहुधा बेटाच्या पश्चिमेला असतो, म्हणजे दुपारी पूर्वेकडे तोंड करून शिरताना सूर्य पाठीशी आणि सकाळी पश्चिमेला निघतानाही पाठीशी. पण पूर्वेकडच्या प्रवाळरांगेतून पश्चिमेकडे शिरणारी वाट असेल, तर दुपारी सूर्य नेमका डोळ्यांत. तिथे सकाळीच पोचायला हवं. याचा अर्थ आदल्या रात्रीची जागा त्या वाटेपासून दोन-तीन तासांवर हवी. बेत उलटा, शेवटाकडून सुरुवातीकडे आखायचा म्हणतो तो याच कारणानं.

यावर लोक म्हणतात, आता जीपीएस आहे की. जीपीएस तुमची जागा काही मीटरच्या आत सांगतो. प्रवाळ कुठे आहे ते नकाशा सांगतो, आणि तो किती जुन्या मोजणीवर बेतलाय हा वेगळा प्रश्न. इलेक्ट्रॉनिक नकाशांत मोजणीच्या दर्जाची खूण असते: ए१ म्हणजे जागेची चूक ५ मीटरपर्यंत, बी म्हणजे ५० मीटर, सी म्हणजे ५०० मीटर, डी त्याहूनही वाईट. उष्ण कटिबंधातल्या दूरच्या बेटांभोवती सी आणि डी सर्रास दिसतात. ५०० मीटर चुकीच्या नकाशावर ६० मीटर रुंदीची वाट शोधायची, तर स्क्रीनकडे बघण्यात काय अर्थ?

जेम्स कुकचं एन्डेव्हर जहाज ११ जून १७७० च्या रात्री ग्रेट बॅरियर रीफवर चढलं. चांदणं होतं, दोरी टाकून खोली मोजणं चालू होतं आणि पाणी भरपूर लागत होतं. पुढच्या मोजणीच्या आत जहाज प्रवाळावर होतं. नकाशाच नसलेल्या माणसाला नावं ठेवता येत नाहीत. पण २९ नोव्हेंबर २०१४ ला व्होल्वो ओशन रेसमधली 'टीम वेस्टास विंड' ही बोट हिंदी महासागरातल्या कार्गादोस काराहोस प्रवाळरांगेवर अंधारात भरवेगात आदळली, तेव्हा नकाशा होता, जीपीएस होता, जगातले निवडक खलाशी होते. स्क्रीनवर नकाशा लहान करून पाहिला की ती रांग दिसेनाशी व्हायची. सगळे वाचले, हे नशीब. तुमच्यासाठी त्यातून एक काम निघतं: रोज संध्याकाळी उद्याचा पूर्ण मार्ग स्क्रीनवर मोठ्यात मोठा करून, हाताचं बोट फिरवत, टोकापासून टोकापर्यंत तपासायचा. दहा मिनिटं लागतात. आणि आत शिरतानाचा माग यंत्रात साठवून ठेवा. रात्री वारा फिरून बाहेर पडायची वेळ आलीच, तर तुमच्या बोटीखालून पाणी होतं याची खात्री असलेली तेवढी एकच रेघ तुमच्याकडे असते.

प्रवाळकड्यातल्या अरुंद वाटांना भरती-ओहोटीचं वेगळं गणित लागतं. फ्रेंच पॉलिनेशियातल्या तुआमोतुसारख्या ठिकाणी वाऱ्याकडच्या बाजूनं लाटा कड्यावरून पाणी आत ओततात आणि ते बाहेर पडायला वाट एकच, म्हणून वेळापत्रकात भरती असली तरी वाटेतून पाणी बाहेरच वाहत असू शकतं. बाहेर जाणारा प्रवाह आत येणाऱ्या लाटेला भिडला की तिथे उभ्या भिंतीसारख्या लाटा तयार होतात. पाणी थबकण्याची वेळ धरा आणि तोंडाशी थांबून दुर्बिणीनं बघा, घाई नको. भरती-ओहोटीचा फरक प्रदेशागणिक किती बदलतो तेही ध्यानात असू द्या: पूर्व कॅरिबियनमध्ये जेमतेम अर्धा मीटर, तर फुकेतच्या किनाऱ्यावर उधाणाला अडीच-तीन मीटर. भरतीच्या वेळी दिसलेली वाळूची सुंदर खाडी ओहोटीला कोरडी पडलेली बघणं हा तिथला नेहमीचा अनुभव आहे.

नांगर टाकणं ही सगळ्या प्रवासातली सर्वांत महत्त्वाची क्रिया, आणि सराव सर्वांत कमी झालेला असतो तो हिचाच. साखळीची लांबी खोलीच्या पाचपट, पण खोली म्हणजे यंत्रावरचा आकडा नव्हे. पाण्याची खोली ६ मीटर, भरतीला आणखी १ मीटर चढणार, आणि बोटीचं पुढचं टोक पाण्यापासून दीड मीटर वर: साडेआठ. त्याच्या पाचपट, म्हणजे ४२-४३ मीटर साखळी. यंत्र खोली पृष्ठभागापासून मोजतंय की कीलखालून, ते बोट ताब्यात घेतानाच विचारा. दोन मीटरचा फरक इथेच पडतो. भाड्याच्या बोटींवर साखळी बहुधा ५०-६० मीटर असते. म्हणजे दहा मीटरच्या पुढे खोली गेली की तुमची साखळी अपुरी पडते, आणि कागदावर सुंदर दिसणाऱ्या बऱ्याच जागा याच कारणानं बाद होतात.

जागा निवडताना आधी एक फेरी मारा. फिकट, एकसारखा रंग म्हणजे वाळू, नांगर तिथेच. प्रवाळावर नांगर टाकू नका. तिथल्या पोवळ्यांची वाट लागते, दशकांत वाढलेलं एका रात्रीत साखळीनं भुईसपाट होतं, आणि वर नांगर अडकला तर तुम्हीही अडकता. वाऱ्याकडे तोंड करून बोट पूर्ण थांबवा, नांगर तळाला टेकेपर्यंत सोडा, मग बोट मागे सरकत असताना साखळी पसरत जाऊ द्या. एकदम ढीग ओतला तर साखळी नांगरावरच गुंडाळली जाते. पूर्ण लांबी सोडल्यावर इंजिन मागे, आधी हळू, मग मिनिटाला १८००-२००० फेऱ्यांपर्यंत वाढवत न्या. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, पुढचं झाड आणि मागची घळ अशा, आणि ती रेष हलते का बघा. साखळीवर हात ठेवा: नांगर घसरत असेल तर ती थरथरते, धरला असेल तर ताठ आणि स्तब्ध असते. यानंतर एक जण मास्क लावून पाण्यात उतरतोच. नांगराचं टोक वाळूत पूर्ण गेलंय का, साखळी एखाद्या सुट्या खडकाला विळखा घालतेय का, हे डोळ्यांनी पाहा. पाणी कोमट आणि स्वच्छ असताना हे न करण्याला कारण नाही. तळावर प्रवाळाचे सुटे खडक विखुरलेले असतील तर नांगराजवळची साखळी तळावर राहू देऊन पुढच्या साखळीला अंतरा-अंतरानं तरंगणारे गोळे बांधतात, म्हणजे ती खडकांच्या वर लोंबकळत राहते. आधी उथळ पाण्यात सराव करा, मग वापरा.

साखळीचा भार विंडलासवर, म्हणजे नांगर ओढणाऱ्या यंत्रावर, सोडू नका. जाड नायलॉनची आठ-दहा मीटर दोरी साखळीला अडकवून ताण तिच्यावर घ्या. ती ताणते, धक्के खाते, आणि रात्री पुढच्या केबिनमध्ये झोपणाऱ्याला खडखडाट ऐकू येत नाही. नांगर वर घेतानाही इंजिननं पुढे सरकत सैल साखळी गोळा करायची. विंडलासनं बोट ओढली तर त्याची मोटार जळते, तीही बहुधा नांगर हातानं काढायचं कुणाच्याच अंगात नसतं अशा दिवशी.

मग शेजार. ४३ मीटर साखळी आणि १२ मीटर बोट म्हणजे ५० मीटरहून मोठ्या त्रिज्येचं वर्तुळ. वारा तुम्हाला एका बाजूला धरून ठेवतो म्हणून वर्तुळाची उरलेली बाजू कुणी मोजत नाही. रात्री दोनला वारा पडतो किंवा मतलई सुटतो, बोट उलटी फिरते, आणि संध्याकाळी नांगराच्या पुढे ५० मीटर लांब असलेलं प्रवाळ आता सुकाणूखाली असतं. पूर्ण वर्तुळ मोकळं नसेल तर ती जागा नाही. शेजारची बोट साखळीवर आहे की दोरीवर, की बोयाला (तळाशी बांधलेल्या तरंगत्या गोळ्याला) बांधलेली, तेही विचारा. त्या वेगवेगळ्या फिरतात. बोयाला बांधायचं असेल तर त्याची तळातली दोरी आधी पाण्यात उतरून तपासा. वरून नवीन दिसणाऱ्या बोयाखाली काय आहे हे वरून कळत नाही. रात्री डोलकाठीवरचा पांढरा दिवा चालू, नांगराचा गजर फोनवर लावलेला, आणि फोन चार्जिंगला.

निवारा म्हणजे फक्त वाऱ्यापासून नव्हे. दूरच्या वादळातून आलेली लांब लाट बेटाच्या दोन्ही टोकांना वळसा घालून आडोशातही पोचते. बोट वाऱ्याकडे तोंड करून राहते, लाट बाजूनं येते, आणि रात्रभर कपाटातली भांडी इकडून तिकडे. मागून दुसरा नांगर टाकून बोटीचं तोंड लाटेकडे वळवता येतं, जवळ दुसऱ्या बोटी नसतील तर. याउलट, सपाट प्रवाळकड्यामागची जागा: समोर डोंगर नाही, वारा सरळ अंगावर, पण लाट कड्यावरच फुटते. कॅरिबियनमधल्या ग्रेनेडाइन्स बेटांतल्या टोबॅगो केज अशा आहेत. पहिल्या रात्री शिट्या घालणाऱ्या वाऱ्यानं झोप लागत नाही, दुसऱ्या रात्री इतकं गार वाटतं की जावंसं वाटत नाही. अशा जागी सलग दोन रात्री धरा. खरं तर पाच जागांपैकी निदान तीन ठिकाणी दोन-दोन रात्री असाव्यात.

आता स्क्वॉल, म्हणजे अचानक उठणाऱ्या वादळी झोताबद्दल. उष्ण कटिबंधात पाऊस बऱ्याचदा स्वतःचा वारा घेऊन येतो: १५ नॉटचे ३०-३५, वीस-तीस मिनिटं, मग पुन्हा ऊन. दिवसा तो दिसतो. काळ्या ढगाखाली गडद सरळ रेघ, मागे पावसाचा पडदा, पाण्यावर पांढरं, आणि अंगाला गार झुळूक लागली की पाच मिनिटंही हातात नसतात. त्याच्या आधी पुढचं शीड गुंडाळलेलं आणि मोठं कमी केलेलं असावं. आत सापडलात तर दिसणं बंद होतं, म्हणून किनारा आणि प्रवाळ लांब ठेवा. समुद्रात जागा असेल तर वाऱ्याबरोबर पळणं सोपं. मलाक्काच्या सामुद्रधुनीत 'सुमात्रा' नावाच्या स्क्वॉलच्या रांगा नैर्ऋत्य मोसमी काळात पहाटेच्या आधी येतात, म्हणजे सगळे गाढ झोपेत असताना नांगराची परीक्षा होते. संध्याकाळी १० नॉटमध्ये टाकलेला नांगर ३५ नॉटसाठी टाकलाय असंच समजा.

बॅरोमीटर मात्र इथे वेगळा वाचावा लागतो. उष्ण कटिबंधात दाब रोज घड्याळ लावल्यासारखा दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली, दोन-तीन हेक्टोपास्कलच्या फरकानं. दुपारी दाब उतरला म्हणून घाबरू नका. ही चढउतार वजा करून, त्या हंगामाच्या नेहमीच्या दाबापेक्षा ३ हेक्टोपास्कल खाली गेला तर संशय घ्या. ५ खाली गेला तर चक्रीवादळ जवळ आहे असं धरून चाला. भाड्यानं गेलेल्यांना कंपनी त्याच्या बरीच आधी परत बोलावते, तरी रोज त्याच वेळी आकडा लिहून ठेवायची सवय चांगली.

बोट कुठली? एका धडाची कीलबोट की दोन जोडधडांची कॅटामरान, यावर वाद घालणारे थकत नाहीत. तुमच्या गटात चार जण प्रवासी आहेत, म्हणून कॅटामरान सोयीची: डोलत नाही, साधारण सव्वा मीटर पाण्यात शिरते तर कीलबोटीला दोन मीटर लागतं, शिवाय जागा भरपूर. पण ती वाऱ्याकडे नीट चढत नाही, आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: ती कलत नाही. कीलबोट कलून सांगते की शीड जास्त झालं. कॅटामरान काहीच सांगत नाही, भार थेट डोलकाठीवर जातो. तिच्यावर शीड कमी करायचं ते वाऱ्याचा आकडा बघून, कंपनीच्या तक्त्याप्रमाणे, अंगाला काय वाटतं त्यावरून नव्हे. तुम्हा दोघांचा हात कीलबोटीवर बसलेला असेल तर पहिल्या दिवशी मोकळ्या पाण्यात वळवणं, थांबवणं आणि नांगर टाकणं दोन-दोनदा करून बघा.

पाणी आणि वीज यांत पहिल्या तीन दिवसांत उधळपट्टी होते. पिण्याचं पाणी माणशी रोज ३-४ लिटर, वेगळ्या कॅनमध्ये. टाकीतलं माणशी १५ लिटर धरलंत तरी सहा जणांचे दिवसाला ९० लिटर होतात, म्हणजे मध्ये कुठे पाणी भरता येईल ते बेतातच हवं. भांडी समुद्राच्या पाण्यात धुऊन शेवटी गोड्या पाण्याचा हात फिरवला तर बरंच वाचतं. उष्ण हवेत फ्रीज १२ व्होल्टच्या बॅटरीतून दिवसाला ५० अँपिअर-तास सहज ओढतो. झाकण कोण किती वेळा उघडतं यावर कप्तानाची नजर असतेच.

डिंगी, म्हणजे मोठ्या बोटीसोबतची छोटी बोट, हे किनाऱ्यावर जाण्याचं तुमचं एकमेव साधन, तरी तिच्याकडे दुर्लक्ष होतं. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधलेली, वल्ही सोबत, छोटा नांगर सोबत, अंधारात टॉर्च. फुटणाऱ्या लाटांतून किनाऱ्यावर उतरायचा मोह टाळा. बाहेरून लाट लहान दिसते कारण तुम्हाला तिची पाठ दिसते. रात्री डिंगी वर उचलून कुलूप लावा.

मासेमारीबद्दल एकच सूचना, पण ती पाळा. प्रवाळातले मोठे शिकारी मासे, बॅराकुडा आणि मोठे ग्रूपर, खाऊ नका. प्रवाळावरच्या सूक्ष्म शेवाळातलं सिग्वाटेराचं विष छोट्या माशांतून मोठ्यांत साठत जातं. त्याला वास नाही, चव नाही, शिजवून किंवा गोठवून ते जात नाही. खुल्या समुद्रात गळाला लागणारा ट्यूना या बाबतीत निर्धोक. सनस्क्रीन घेतानाही घटक वाचा. ऑक्सिबेंझोनवर पलाऊनं २०२० पासून बंदी घातली आहे, आणि हवाईत २०२१ पासून ते असलेल्या सनस्क्रीनची विक्री बंद आहे. लांब बाह्यांचा शर्ट त्याहून सोपा.

कागदपत्रांत एक खोच आहे. शेजारची बेटं वेगळ्या देशांत असू शकतात. युनियन आणि कारियाकू ही बेटं एकमेकांना दिसतात, पण एक सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडाइन्समध्ये, दुसरं ग्रेनेडात. मध्ये इमिग्रेशन आणि कस्टम्सचा अर्धा दिवस जातो. परवाना कुठला चालतो हे कंपनीला लेखी विचारा. आणि बोयांचे रंग: अमेरिका खंड, कॅरिबियन, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्समध्ये समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया उजव्या हाताला ठेवायचा, बाकी जगात डाव्या. तुम्ही एकीकडे शिकून दुसरीकडे बोट घेत असाल तर ही चिठ्ठी सुकाणूजवळ चिकटवाच.

आता दहा दिवस असे मांडा. पहिला दिवस बोट ताब्यात घेणं, सामान भरणं आणि तासाभराच्या अंतरावर पहिला नांगर. त्याहून लांब जाऊ नका, कारण काय बिघडलंय ते पहिल्याच रात्री कळतं आणि परतून दुरुस्त करता येतं. दुसरा-तिसरा दिवस वाऱ्याकडे चढण्याचे. चौथ्यापासून आठव्यापर्यंत तीन-चार जागा, सावकाश. एक दिवस पूर्ण कोरा ठेवा, वारा किंवा कुणाचं पोट बिघडलं तर. शेवटची रात्र तळापासून दोन तासांच्या आत, आणि तिथे जाणारा मार्ग वाऱ्याविरुद्ध नसलेला. बोट परत द्यायची वेळ बहुधा सकाळची असते, त्याआधी डिझेल भरायला रांग लागते. वारा चढला आणि वेळेत पोचणं धोक्याचं दिसलं, तर आदल्या दिवशी दुपारीच कंपनीला कळवा. उशिराचा दंड भरा, पण अंधारात निघू नका.